दिलेला शब्द आणि घेतलेला विसार

वैशाख सरत आला की महाबळेश्वरच्या पठारावरील पाहुण्यांची गर्दी ओसरू लागते आणि स्ट्रॉबेरी करणारा शेतकरी पुढील हंगामाच्या तयारीस लागतो. मातृरोपे केव्हा यावयाची, पावसाळ्यात ती वाढविण्यासाठी खाली वाईच्या बाजूस कोणाचे रान घ्यावयाचे, सोसायटीचे कर्ज किती मिळावयाचे, याचे हिशेब घरोघर सुरू होतात. अशाच दिवसांत एखाद्या ओसरीवर जमिनीचे बोलणे निघते, चहा होतो, विसाराची रक्कम हातावर पडते आणि उठताना दोन्ही पक्ष समाधानाने म्हणतात, "ठरलं." भाद्रपद उजाडेपर्यंत त्या एका शब्दाचे ओझे किती जड होऊ शकते, याची कल्पना त्या सायंकाळी कोणासच नसते.

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पठारावरील एका गावी एक वृद्ध शेतकरी आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. मुलगा मुंबईस नोकरीला, मुलगी सासरी, घरी आबा आणि त्यांची पत्नी. ओढ्यालगत सव्वा एकर जमीन आहे, पण ती कसणे आता आबांच्याने होत नाही. शेजारचा तरुण शेतकरी गेली दोन वर्षे म्हणत आला आहे, "आबा, जमीन द्यायचीच असली तर बाहेरच्याला देऊ नका, आधी मला सांगा." आजारपणाच्या खर्चामुळे आबांचा निश्चय होतो. त्या वेळच्या गावभावाला धरून किंमत ठरते. विसार दिला जातो. साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. उरलेली रक्कम दसऱ्यापर्यंत द्यावी आणि मग दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवावे, असे ठरते.

त्या शब्दावर शेजारी आपला हंगाम उभा करतो. दोन दुभत्या म्हशी विकतो, वाढीव क्षेत्राला पुरतील इतकी रोपे तयार करण्याचे ठरवितो, ठिबकच्या नळ्यांची आगाऊ रक्कम भरतो. श्रावणात पुण्याकडील एक गृहस्थ दलालासह गावात येतात, ओढा पाहतात, समोरची दरी पाहतात आणि ठरलेल्या किमतीच्या अडीचपट रक्कम देऊ करतात. आबांची झोप उडते. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, कागद नोंदवलेला नाही. विसार परत करा आणि मोकळे व्हा. हवं तर दुप्पट द्या." आणि वैशाखात जिला कोणी विचारलेच नव्हते ती आबांची पत्नी म्हणते, "मला तेव्हा विचारलं असतं, तर मी तेव्हाच नको म्हटलं असतं."

हा प्रसंग कल्पित आहे; परंतु नावगाव बदलून तो कोणत्या तालुक्यात घडत नाही, असे म्हणता येणार नाही. महाबळेश्वर तालुक्यात त्याला धार येते ती जमिनीच्या टंचाईमुळे. साडेचार हजार फुटांची उंची, वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तांबडी माती, भोवती वन आणि उतार. यांतून लागवडीस योग्य असा सपाट तुकडा थोडाच उरतो. त्या तुकड्यावर पिकणाऱ्या महाबळेश्वर स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. त्याच तुकड्यावर घर बांधू इच्छिणाऱ्या शहरवासीयांचीही नजर असते; आणि जानेवारी २००१ मध्ये केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यापासून येथील जमिनीच्या वापरावर विशेष बंधने आहेत. एकाच मातीला अशा रीतीने दोन भाव असतात. एक शेतकऱ्याचा आणि एक दृश्याचा. विकणाऱ्याचा पस्तावा बहुधा या दोन भावांमधील अंतरातून जन्मास येतो.

या टेकडीवरचे ठाणेच मुळी एका अदलाबदलीतून उभे राहिले, हेही येथे आठवते. सातारचे राजे प्रतापसिंह महाराज यांनी १८२९ साली हा डोंगर कंपनी सरकारास दिला आणि त्याच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. त्या सौद्याचा पस्तावा कोणाला झाला किंवा कसे, ते असो. १८३९ साली महाराजांची गादी गेली, १८४८ साली राज्य खालसा झाले, आणि दिलेला डोंगर व घेतलेले गाव दोन्ही एकाच मालकाकडे जमा झाली.

विकून पस्तावणे ही माणसाची जुनी प्रकृती आहे. आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनी तंट्याची जी अठरा पदे सांगितली, त्यांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे पस्तावा. मनुस्मृतीने खरेदी किंवा विक्री करून पस्तावलेल्या माणसास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याची अथवा परत घेण्याची मुभा दिली आणि त्यानंतर तसे करू पाहणाऱ्यास दंड सांगितला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा काळ धंद्यानुसार बदलतो : व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन रात्री, गुरे राखणाऱ्यास पाच रात्री. रोज देवघेव करणाऱ्यास आपला सौदा कसा झाला ते दुसऱ्या सकाळी कळते. शेतकरी क्वचित विकतो, त्यास घरी जाऊन विचार करावा लागतो, असा या भेदाचा अर्थ लावता येईल. याज्ञवल्क्य स्मृतीने वस्तू पारखून पाहण्यासाठी वेगवेगळे दिवस ठरवून दिले. बियाणे दहा दिवस, ओढकामाची जनावरे पाच दिवस, दुभती जनावरे तीन दिवस. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका पुढे कित्येक शतके महाराष्ट्रात व्यवहाराला प्रमाण मानली गेली. ज्याने बैल घेऊन चार दिवस औताला जुंपून पाहिला आहे, त्यास हे पाच दिवस कशासाठी, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या जुन्या नियमांतील एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. पस्तावा होणे यात त्यांनी पाप मानले नाही. माणूस आहे, त्याला रात्री वेगळे सुचणार, हे त्यांनी गृहीत धरले. परंतु त्या पस्ताव्याला त्यांनी मुदत घातली, आणि ती मुदत दुसऱ्या पक्षाने त्या सौद्यावर आपले काही उभारण्याच्या आत संपणारी आहे. आबांना वैशाखातल्या तिसऱ्या रात्री वाईट वाटले असते आणि चौथ्या सकाळी त्यांनी विसार परत नेला असता, तर शेजाऱ्याचे नुकसान जवळजवळ काहीच नव्हते. म्हशी अजून त्याच्या गोठ्यात होत्या.

आजच्या कायद्यात जमिनीच्या सौद्याला अशा तीन रात्री नाहीत. प्रस्ताव स्वीकारला गेला की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोन्ही पक्ष बांधले जातात. अनेकांचा समज असा की कागद नोंदविलेला नसेल तर बंधन नाही. हा समज अर्धाच खरा आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतावाचून बदलत नाही, आणि केवळ विक्रीच्या कराराने खरेदीदारास जमिनीत हक्क उत्पन्न होत नाही, हे खरे. परंतु करार पाळून घेण्याचा दावा त्याला लावता येतो. साध्या कागदावरील विसारपावती अशा दाव्यात पुरावा म्हणून पुढे करता येते; तोंडी करारसुद्धा नि:संशय सिद्ध झाला तर न्यायालय त्याची अंमलबजावणी करू शकते. दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. तारीख ठरलेली नसेल, तर नकार समजल्यापासून. खरेदीदाराने मात्र आपण पैसे देण्यास सदैव तयार होतो हे दाखवावे लागते. पूर्वी असा हुकूम द्यावा की नाही हे पुष्कळसे न्यायालयाच्या विवेकावर होते आणि विकणाऱ्याच्या हालअपेष्टांचाही विचार होई. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो विवेक बराच आखडला आहे. पुण्याच्या गृहस्थांना पहिल्या सौद्याची माहिती असताना त्यांनी जमीन घेतली, तर पहिल्या खरेदीदाराला त्यांच्यावरही दावा लावता येतो.

मुलाने सुचविलेल्या दुप्पट विसाराचे काय, हाही प्रश्न नेहमी येतो. ही कल्पना फार प्राचीन आहे. रोमचा बादशहा जस्टिनियन याने इ. स. ५२८ मध्ये नियम केला की देणारा फिरला तर त्याचा विसार बुडावा आणि घेणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करावा; १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेतही तो आला. आपल्याकडील विसारपावत्यांत तशी अट पुष्कळदा लिहिलेली आढळते. परंतु १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणे, करारात नुकसानीची रक्कम लिहिली आहे एवढ्यामुळे करार पाळून घेण्याचा मार्ग बंद होत नाही. ती रक्कम भरून सुटण्याचा पर्याय पक्षांनी मुद्दाम ठेवला होता असे दिसले, तरच गोष्ट वेगळी. आबांच्या कागदात तर तशी ओळच नाही. दुप्पट देऊन मोकळे होण्याचा हक्क आबांनी घेतलेलाच नव्हता, तो आता मुलाच्या सल्ल्याने कसा निर्माण होईल?

कायदा एवढ्यावर थांबतो. गावातील जीवन तेथे थांबत नाही. एकाच बांधाच्या दोन बाजूंना राहणाऱ्यांना दाव्याचा निकाल लागल्यावरही एकाच ओढ्याचे पाणी घ्यावयाचे असते. म्हणून पस्तावा कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखले पाहिजे. सर्व पस्तावे एका मापाने मोजता येत नाहीत.

भाव वाढला म्हणून होणारा पस्तावा सर्वांत जोरदार आणि सर्वांत दुबळ्या पायाचा असतो. आबांना वैशाखात मिळालेली किंमत त्या दिवशी रास्त होती. ती त्यांनी समजून उमजून स्वीकारली. पुढे भाव पडला असता, तर शेजाऱ्याने सौदा मोडावा असे त्यांना वाटले नसते. उलट विसार जप्त करून घेतला असता. जो वाढीचा लाभ आपला म्हणतो त्याने घटीचा तोटाही आपला म्हटला पाहिजे, आणि दोन्ही गोष्टी ठरल्याच्या क्षणी आपण दुसऱ्याकडे सोपविल्या, हाच विक्रीचा अर्थ. किंमत कमी होती एवढ्याच कारणावरून करार रद्द होत नाही, हे करार कायदाही सांगतो.

याच कायद्याने मात्र एक महत्त्वाची पुस्ती जोडली आहे. किंमत अपुरी असेल तर संमती खरोखर मोकळेपणाने दिली गेली होती की नाही, हे पाहताना न्यायालय त्या अपुरेपणाचा विचार करू शकते. येथे दुसऱ्या प्रकारचा पस्तावा सुरू होतो. ज्याला पुरते सांगितले गेले नाही, ज्याला फसविले गेले, ज्याच्या अडचणीचा दोर करून त्याच्याच गळ्याभोवती आवळला गेला, त्याचा हा पस्तावा. सातारा जिल्ह्याला तो नवा नाही. १८७५ साली सुप्यात सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, म्हणजे आपण कशावर अंगठा उठवीत आहोत हे त्यास कळावे, अशी तरतूद त्यात होती. कारण घडत असे ते असे : शेतकरी गहाण समजून अंगठा देई आणि कागदावर खरेदी लिहिलेली असे. तो कायदा पुढे रद्द झाला. पण त्यामागील अनुभव विसरण्यासारखा नाही. आजही पैशाच्या निकडीने 'मुदतखरेदी' करणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्या व्यवहारास गहाण मानीत नाही. "आपण वेगळ्या कागदावर लिहून ठेवू," असे सावकाराने म्हटले की तेथेच उठावे.

अलीकडचेही उदाहरण याच तालुक्यात आहे. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी या गावची सुमारे ६२० एकर जमीन बाहेरच्या मंडळींनी अल्प किमतीत घेतल्याचा प्रश्न २०२४ साली वृत्तपत्रांतून गाजला. कोयनेमुळे गाव सोडून गेलेल्या माणसांना तुमची जमीन आता शासनजमा होणार असे सांगितले गेले, असा आरोप झाला, आणि कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली चौकशी सुरू झाली. त्या प्रकरणाचे गुणदोष ठरविणे हे योग्य त्या अधिकाऱ्यांचे काम आहे. येथे एवढेच म्हणावयाचे की अशा परिस्थितीत विकणारा पस्तावला, तर त्यास शब्द मोडणारा म्हणता येत नाही. खोट्या सांगण्यावरून दिलेल्या संमतीस कायदा मोकळी संमती मानीत नाही, आणि ती मागे घेण्याचा मार्ग त्यास खुला असतो. तो मार्ग त्याने लवकर धरला पाहिजे.

उलट दिशेनेही हे लागू आहे. जमिनीतील जो दोष खरेदीदारास सहज दिसणार नाही तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असे हस्तांतरणाचा कायदा सांगतो. "येथे बंगला सहज बांधता येईल," असे संवेदनशील क्षेत्रातील जमिनीबद्दल सांगून चढा भाव घेणारा मालक उद्या खरेदीदाराच्या पस्ताव्याला उत्तर देण्यास बांधलेला आहे. शिवाय पुण्याचे ते गृहस्थ शेतकरी नसतील, तर १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याप्रमाणे, कायद्यातील अपवाद वगळता, परवानगीवाचून ते शेतजमीन घेऊच शकत नाहीत. ज्या अडीचपट रकमेने आबांची झोप उडविली ती रक्कम कदाचित कायद्याच्या उंबरठ्याच्या आत येणारीच नव्हती.

तिसरा पस्तावा आबांच्या पत्नीचा आहे, आणि त्याबद्दल गावांत सर्वांत कमी बोलले जाते. जमिनीचा सौदा ओसरीवर पुरुषांत ठरतो. स्वयंपाकघरात तो कळतो तेव्हा विसार घेतलेला असतो. वडिलोपार्जित जमीन असेल तर हा केवळ मनाचा प्रश्न राहत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद आहे, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. सासरी गेलेल्या लेकीची संमती न घेता सबंध जमीन विकण्याचा शब्द आबांनी दिला असेल, तर जे सर्वस्वी त्यांचे नव्हते त्याबद्दल तो शब्द आहे. ही चूक शेजाऱ्याची नव्हे. ती आबांची आहे, आणि तिची भरपाई शेजाऱ्याच्या म्हशींतून होता कामा नये.

जमिनीचे सौदे आयुष्यात एकदा-दोनदा होतात. रोपांचे सौदे दरसाल होतात, आणि तेथे शब्द मोडण्याचे नुकसान अधिक लवकर दिसते. परदेशातून येणारी मातृरोपे पावसाळ्याच्या तोंडाशी लावली जातात. महाबळेश्वरचा पाऊस त्यांना मानवत नाही, म्हणून वाई तालुक्यातील कमी पावसाच्या रानांत त्यांचे धावते वेल वाढवून रोपे तयार केली जातात. भाद्रपद-आश्विनात ती पठारावर नेऊन गादीवाफ्यांवर लावतात, मार्गशीर्षाच्या आसपास पहिली फळे हाती येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. रोपे लावण्याचा काळ हा असा चार-सहा आठवड्यांचा. एखाद्याने आषाढात आपली जास्तीची रोपे शेजाऱ्यास ठराविक दराने देण्याचे कबूल केले, आणि ऐन लागवडीच्या आठवड्यात रोपांची टंचाई पडून दर चढला म्हणून दुसऱ्यास दिली, तर पहिल्याला आगाऊ रक्कम परत मिळूनही त्याचा हंगाम परत मिळत नाही. वाफे तयार, आच्छादनाचा कागद अंथरलेला, ठिबक जोडलेले, आणि लावायला रोप नाही. नुकसान मोजावयाचे ते दोन दरांतील फरकाने नव्हे, तर रिकाम्या राहिलेल्या वाफ्यांनी. येथे आगाऊ रक्कम दुप्पट परत करणाऱ्यास आपण उदारपणा केला असे वाटते. घेणाऱ्यास ती थट्टा वाटते.

जनावरांच्या बाजारात या बाबतीत जुनी शिस्त आढळते. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की खरसुंडीची सिद्धनाथाची, खिलार बैलांच्या बाजारात विसार हातात पडला की दावणीचा बैल दुसऱ्या गिऱ्हाइकास दाखवू नये, असे जुनी माणसे मानतात. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. तो टिकला याचे कारण पुढच्या वर्षी त्याच बाजारात त्याच माणसांना यावयाचे असते. जमिनीच्या सौद्यात दलाल आणि परगावचा खरेदीदार येतो तेव्हा हे कारणच नाहीसे होते, आणि तेथे शब्द सैल पडू लागतो.

मग आबांनी करावे काय? पस्तावा गिळून गप्प बसावे, असे कोणी म्हणणार नाही. मराठीत शब्द मोडणे आणि शब्द सोडवून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मोडणाऱ्यास कोणाला विचारावे लागत नाही. सोडवून घेणाऱ्यास ज्याला शब्द दिला त्याच्या दारी जावे लागते, कारण तो शब्द आता त्याच्या मालकीचा असतो. आबांनी दलालाशी पुढचे अक्षरही बोलण्याआधी, मुलाला किंवा मध्यस्थाला न पाठविता, स्वत: शेजाऱ्याकडे जावे. जे घडले ते पुरते सांगावे, अडीचपट रकमेची गोष्टही लपवू नये. ती लपवून केवळ "घरच्यांची मर्जी नाही" एवढेच सांगणे ही दुसरी फसवणूक होय, आणि ती गावात पंधरा दिवसांत उघड होते. विसार, म्हशी विकल्याने झालेला तोटा, रोपांचा आणि ठिबकचा खर्च, या सर्वांचा हिशेब आपण होऊन पुढे ठेवावा. आणि एवढे करूनही शेजारी "आबा, मला जमीनच पाहिजे," असे म्हणाला, तर ते ऐकून घेण्याच्या तयारीने जावे. विनंती करणाऱ्याने नकाराची तयारी ठेवलेली नसेल, तर ती विनंती नसते.

शेजाऱ्यावरही काही येते. कायदा आपल्या बाजूचा आहे हे माहीत असणाऱ्याने, समोरचा वृद्ध माणूस कशामुळे पस्तावला ते ऐकून घ्यावे. केवळ लोभ असेल तर त्याने आपला हक्क सोडण्याचे कारण नाही, आणि तो सोडला नाही म्हणून गावाने त्यास नावे ठेवू नयेत. परंतु लेकीचा हिस्सा असेल, पत्नीचे म्हातारपण त्या तुकड्यावर अवलंबून असेल, तर ताणून धरण्याने मिळालेली जमीन कसणे त्यालाही जड जाईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास अशा तंट्यात बहुधा उशिरा बोलावले जाते. त्याने न्यायाधीश होऊ नये; तो त्याचा अधिकार नव्हे आणि कोणत्या तरी एका घराचा विश्वास त्यात कायमचा जातो. त्याचे खरे काम वैशाखातले आहे. जमीन विकण्याचे बोलणे कानावर आले, की सातबारा आणि फेरफार काढून पाहिले का, हिस्सेदार कोण कोण आहेत, जमीन कुळकायद्याने मिळालेली असून विक्रीस परवानगी लागते का, घरातील बायकांना विचारले का, एवढे प्रश्न त्याने सहज म्हणून विचारले तरी पुष्कळ काम होते. विसार त्याच बैठकीत घेऊ नये, असा सल्ला त्याने द्यावा. कौटिल्याने शेतकऱ्यास दिलेल्या तीन रात्री कायद्याने आता दिलेल्या नसल्या, तरी त्या आपल्या आपण घेण्यास कोणाचा प्रतिबंध नाही; फक्त त्या विसाराच्या आधी घ्यावयाच्या, नंतर नव्हेत. भाव ठरला तरी "चौथ्या दिवशी या, घरात बोलून सांगतो," असे म्हणणाऱ्याचा कोणीही अपमान मानीत नाही. कागद करावयाचा तर तो नोंदणीकृत साठेखत असावा. त्यात चतु:सीमा, रक्कम, मुदत, आणि कोणीही मागे फिरल्यास काय, हे स्वच्छ लिहावे. फिरण्याची वाट ठेवावयाची असेल तर ती आधीच, दोघांच्या संमतीने, कागदावर ठेवता येते. तंटा झालाच, तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत सल्ला मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आबांच्या प्रसंगाचा शेवट अनेक प्रकारे होऊ शकतो. त्यांतील एक असा. आबा सकाळी शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन बसतात. "बाळा, मी तुला शब्द दिलाय. तू जमीन मागितलीस तर दसऱ्याला सही करीन. पण लेकीला विचारलं नव्हतं, तुझ्या काकूला विचारलं नव्हतं. आणि एका माणसानं जास्त पैसे देऊ केलेत, तेही खरं आहे. काय करावं ते तूच सांग." शेजारी बराच वेळ बोलत नाही. म्हशींचा विषय त्याची बायको काढते. शेवटी तो म्हणतो, "आबा, पुण्याच्या माणसाला देणार असाल तर मी सोडणार नाही. घरात ठेवणार असाल तर वेगळं बोलू." दुपारपर्यंत ठरते ते असे : जमीन कोणासच विकावयाची नाही, विसार आणि म्हशींच्या व्यवहारात आलेला तोटा आबांनी दिवाळीपर्यंत द्यावयाचा, रोपे तयार आहेत म्हणून या हंगामापुरती सव्वा एकर शेजाऱ्याने खंड न देता करावयाची, आणि पुढे कधी विकावयाची झालीच तर त्यास पहिले विचारावयाचे. या वेळी कागद लिहिताना आबांची लेक सासरहून आलेली असते आणि साक्षीदारांच्या आधी तिची सही होते.

भाद्रपदाच्या अखेरीस, पाऊस उघडताच, ओढ्यालगत गादीवाफे ओढण्यास सुरुवात होते.